भाकर, काम आणि भरवसा : संत कायतान यांची जीवनकथा



आपल्या पळस्पे फाट्यावर उभे राहिले, की एक रस्ता पुण्याकडे जातो आणि दुसरा गोव्याकडे. हा गोव्याचा महामार्ग आपल्या दारातूनच सुरू होतो. आपल्यापैकी अनेक कुटुंबे दरवर्षी या रस्त्याने जुन्या गोव्याला जातात, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांपुढे गुडघे टेकतात, मेणबत्ती लावतात आणि परत फिरतात. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर, सी कॅथेड्रलच्या पलीकडे, आणखी एक भव्य मंदिर आहे. रोमच्या संत पीटरच्या मंदिराच्या धर्तीवर बांधलेले, मोठा घुमट असलेले. त्याच्याकडे मात्र आपली पावले फारशी वळत नाहीत. ते मंदिर संत कायतान यांचे आहे.

कायतान हे नाव आपल्याला परके नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत कोकणात आणि गोव्यात कायतान नावाची माणसे गावोगाव होती. पण हे संत कोण, ते कुठले, आणि जगभरातील कामगार व बेकार लोक त्यांच्याकडे का धाव घेतात, हे आपल्याला क्वचितच ठाऊक असते. येत्या ७ ऑगस्टला त्यांचा सण आहे. त्यानिमित्ताने त्यांची जीवनकथा आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

त्याला आणखी एक कारण आहे. काही दिवसांपूर्वी आपल्या धर्मग्रामातील एक तरुण मला भेटायला आला. ठेकेदाराने त्याला कामावरून कमी केले होते. घरी म्हातारी आई, दोन लहान मुले आणि डोक्यावर कर्ज. त्याने नऊ दिवसांचा नोव्हेना श्रद्धेने पूर्ण केला होता. तरी काम मिळाले नव्हते. देवाने आपले ऐकले नाही की आपल्याच प्रार्थनेत काही कमी पडले, एवढेच त्याला विचारायचे होते. सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो. देवाचे अस्तित्व, देवाची योजना यांवर परीक्षेत पानेच्या पाने लिहिली. पण त्या दिवशी त्याच्या डोळ्यांकडे पाहून मला पटकन उत्तर देता आले नाही. तो गेल्यावर मी संत कायतान यांचे चरित्र पुन्हा काढून वाचले.

सरदार घराण्यातील मुलगा

कायतान यांचा जन्म ऑक्टोबर १४८० मध्ये उत्तर इटलीतील विचेन्झा शहरात थिएने या सरदार घराण्यात झाला. ते दोन वर्षांचे असताना वडील वारले. आई मारिया हिने मुलांना देवाच्या भयात वाढविले. कायतान हुशार होते. १५०४ साली पादुआ विद्यापीठातून त्यांनी कायद्याची डॉक्टर ही पदवी मिळविली. याच सुमारास राम्पात्झो या गावी, मुख्य चर्चपासून दूर राहणाऱ्या शेतकरी लोकांची मिस्सेला आणि धर्मशिक्षणाला गैरसोय होते हे पाहून, त्यांनी स्वतःच्या खर्चाने एक लहान मंदिर बांधून दिले. पुढच्या आयुष्याची चुणूक येथेच दिसते. सरदाराच्या मुलाची नजर शेतात राबणाऱ्या माणसाकडे गेली होती.

त्यानंतर ते रोमला गेले. पोप दुसरे ज्युलियस यांच्या दरबारात त्यांना मानाचे पद मिळाले. तो काळ ख्रिस्तसभेसाठी कठीण होता. अनेक धर्माधिकारी ऐषारामात बुडाले होते. मार्टिन ल्यूथर यांनी आपला आवाज उठवायला अजून काही वर्षे अवकाश होता; पण असंतोष आतल्या आत धुमसत होता. कायतान यांना तो दिसत होता. त्यांनी कोणावर टीका केली नाही, स्वतःपासून सुरुवात केली. दिव्य प्रेमाचे मंडळ या नावाने रोममध्ये काही धर्मगुरू व प्रापंचिक एकत्र जमत, प्रार्थना करीत आणि रुग्णांची सेवा करीत. कायतान त्यांच्यात सामील झाले. १५१३ साली पोप ज्युलियस यांचे निधन झाल्यावर त्यांनी दरबारचे पद सोडले आणि ३० सप्टेंबर १५१६ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

गव्हाणीतील बाळ

१५१७ सालच्या नाताळात रोमच्या संत मेरी मेजर या मंदिरात त्यांना एक विलक्षण अनुभव आला. परंपरेने बेथलेहेमच्या गव्हाणीचे मानले जाणारे अवशेष याच मंदिरात आहेत. तेथे प्रार्थना करीत असताना पवित्र मरीयेने बाळ येशूला आपल्या हातात दिले, असे त्यांना दिसले. एका परिचित व्रतस्थ भगिनीला पाठविलेल्या पत्रात त्यांनी हे अतिशय संकोचाने कळविले आहे. म्हणूनच त्यांच्या चित्रांत आणि मूर्तींत त्यांच्या हाती बाळ येशू असतो. कामगारांच्या आश्रयदात्या संताच्या हातात हातोडा नाही, कोयता नाही. तेथे एक असहाय बालक आहे. ज्याला स्वतःचे पोट स्वतः भरता येत नाही, असा देव त्यांच्या हाती आला. पुढची तीस वर्षे ते तशाच असहाय माणसांना उचलून घेत राहिले.

गरिबांच्या रांगेत

१५१८ साली ते विचेन्झाला परतले. तेथे संत जेरोम यांच्या नावाचे एक मंडळ होते. त्यात समाजाच्या खालच्या थरातील कष्टकरी, कारागीर अशी माणसे होती. थिएने घराण्याच्या या डॉक्टर झालेल्या धर्मगुरूने त्याच मंडळात प्रवेश घेतला. नातलग आणि मित्र चिडले. घराण्याची अब्रू गेली असे त्यांना वाटले. आपल्याकडे एखाद्या बड्या घरच्या माणसाने नाक्यावर कामासाठी उभ्या असलेल्या बिगाऱ्यांबरोबर बसून जेवण केले, तर गावात काय चर्चा होईल याची कल्पना करा. कायतान डगमगले नाहीत.

विचेन्झात आणि पुढे व्हेनिसमध्ये त्यांनी असाध्य रोग्यांच्या इस्पितळांसाठी आपला पैसा आणि स्वतःचे हात दोन्ही लावले. त्या काळी युरोपात उपदंशाची साथ पसरली होती. अंगावर व्रण असलेल्या या रोग्यांना घरचे लोकही जवळ करीत नसत. कायतान त्यांच्या जखमा धूत. लोकांनी पवित्र साक्रामेंतासमोर प्रार्थना करावी, ख्रिस्तप्रसाद वारंवार स्वीकारावा, असाही त्यांचा आग्रह असे. वेदीवरचा ख्रिस्त आणि खाटेवरचा रोगी यांत त्यांनी कधी अंतर मानले नाही.

पगार नाही, भिक्षाही नाही

१४ सप्टेंबर १५२४ रोजी, पवित्र क्रुसाच्या सणाच्या दिवशी, संत पीटरच्या मंदिरात कायतान आणि त्यांच्या तीन सोबत्यांनी व्रते घेतली व एका नव्या संघाची स्थापना झाली. सोबत्यांपैकी एक होते बिशप जॉन पीटर काराफा. ते पुढे पोप चौथे पॉल झाले. काराफा हे ज्या किएती धर्मप्रांताचे बिशप होते, त्या गावाच्या लॅटिन नावावरून या संघाला थिएटाइन हे नाव पडले.

या संघाचा एक नियम ऐकून आपण चकित होऊ. त्यांना जमीनजुमला ठेवायचा नव्हता, ठरलेले उत्पन्न घ्यायचे नव्हते आणि दारोदार भिक्षाही मागायची नव्हती. आपले काम मनापासून करायचे आणि लोक आपणहून जे देतील त्यावर राहायचे. रानातल्या फुलांची आणि आकाशातल्या पाखरांची काळजी घेणारा पिता आपलीही काळजी घेईल, हा सुवार्तेतील शब्द त्यांनी अक्षरशः घेतला.

आता येथे एक प्रश्न उभा राहतो. ज्या माणसाने ठरलेला पगार नाकारला, तो पगारासाठी धडपडणाऱ्या माणसांचा आश्रयदाता कसा झाला? या प्रश्नाकडे आपण पुन्हा येऊ.

खजिना कुठे आहे?

१५२७ साली सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटले. पगार थकलेले ते सैनिक शहरावर तुटून पडले. त्यांच्यातील एकाने कायतान यांना ओळखले. विचेन्झाला असताना हा श्रीमंत सरदार होता, तेव्हा याच्यापाशी खजिना असणारच, असे त्याला वाटले. तो दडवलेला पैसा काढून देण्यासाठी त्यांचा छळ करण्यात आला. पण देण्यासाठी त्यांच्यापाशी काही उरलेच नव्हते. सारे केव्हाच रोग्यांच्या आणि गरिबांच्या हाती गेले होते. सोबत्यांसह ते जीव वाचवून व्हेनिसला पोचले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वय सत्तेचाळीस. हातचे सारे गेलेले. ज्यांनी कंपनी बंद पडल्यावर या वयात नवे काम शोधले आहे, त्यांना या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

नेपल्स : गहाण पडलेली माणसे

१५३३ साली त्यांना दक्षिणेकडील नेपल्स शहरात पाठविण्यात आले. तेथे ओपिदोच्या सरदाराने त्यांना घर दिले आणि जमिनीचे उत्पन्नही देऊ केले. नेपल्सचे लोक व्हेनिसच्या लोकांइतके श्रीमंत नाहीत, येथे दानावर भागणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. देव मात्र दोन्ही शहरांत एकच आहे, असे सांगून कायतान यांनी ते उत्पन्न नाकारले, अशी आठवण त्यांच्या चरित्रात येते.

स्वतःसाठी त्यांनी उत्पन्न नाकारले. पण गरिबांना त्यांनी कधी नुसता भरवसा ठेवा असे सांगून परत पाठविले नाही. त्या काळी गरीब माणूस अडीअडचणीला भांडी, कपडे, हत्यारे सावकाराकडे गहाण टाकी. सुताराची करवत एकदा गहाण पडली की काम बंद, काम बंद म्हणून व्याज थकले, आणि व्याज थकले म्हणून करवत कायमची गेली. यावर उपाय म्हणून इटलीत दयानिधी नावाच्या संस्था निघाल्या होत्या. तेथे गरिबाला वस्तू ठेवून बिनव्याजी किंवा अगदी कमी व्याजाने पैसे मिळत. नेपल्समध्ये १५३९ साली अशी संस्था उभी राहिली. तिच्यामागे कायतान यांची प्रेरणा होती, असे परंपरा सांगते. याच संस्थेतून पुढे नेपल्सची मोठी बँक उदयास आली.

आपल्या रायगड जिल्ह्यात ही गोष्ट जुनी झालेली नाही. आपले कातकरी बांधव पावसाळ्यात सावकाराकडून किंवा मुकादमाकडून उचल घेतात आणि ती फेडण्यासाठी दिवाळीनंतर बायकामुलांसह वीटभट्टीवर जातात. हंगाम संपतो, उचल मात्र संपत नाही. कायतान आज आपल्या तालुक्यात असते, तर त्यांनी आधी कोणत्या दाराशी पाऊल ठेवले असते, याचा आपण विचार करावा.

न पाहिलेले उत्तर

१५४७ साली नेपल्समध्ये दंगल उसळली. स्पेनच्या व्हाइसरॉयने तेथे धर्मन्यायालय आणण्याचा घाट घातला होता आणि लोक शस्त्रे घेऊन रस्त्यावर आले होते. रक्त सांडत होते. कायतान आजारी होते. शहरात शांती नांदावी यासाठी त्यांनी प्रार्थना केली, तप केले, दोन्ही बाजूंना समजावण्याचा यत्न केला आणि शेवटी स्वतःचा जीव देवापुढे ठेवला. वैद्यांनी त्यांना फळीवरून उठवून मऊ गादीवर झोपायला सांगितले. आपला प्रभू लाकडावर मरण पावला, हे आठवून त्यांनी गादी नाकारली. ७ ऑगस्ट १५४७ रोजी त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या मृत्यूनंतर शहर शांत झाले. नेपल्सच्या लोकांनी त्याचे श्रेय त्यांच्या प्रार्थनेला दिले. पण बंधुभगिनींनो, एक गोष्ट ध्यानात घ्या. ती शांती कायतान यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली नाही. आज जग ज्यांना प्रार्थना ऐकणारे संत म्हणून ओळखते, त्यांनी आपल्या सर्वात मोठ्या प्रार्थनेचे उत्तर न पाहताच डोळे मिटले. ते वाचताना मला माझ्याकडे आलेला तो तरुण आठवला.

गोव्यात आणि सातासमुद्रापार

१६२९ साली कायतान यांना धन्यवादित आणि १६७१ साली संत म्हणून घोषित करण्यात आले. त्याआधीच, १६४० साली, त्यांच्या संघाचे धर्मगुरू भारतात आले होते. त्यांना गोवळकोंड्याला जायचे होते. तेथे परवानगी मिळाली नाही म्हणून ते गोव्यात राहिले. त्यांनी बांधलेले मंदिर १६६१ च्या सुमारास पूर्ण झाले. त्याला त्यांनी दैवी तरतुदीची माता हे नाव दिले. लोकांनी मात्र ते संत कायतान यांचेच मानले. मंदिराच्या घुमटाखाली एक झाकलेली विहीर आहे. या संघाने पुढे गोव्यातील स्थानिक तरुणांनाही आपल्यात घेतले. परदेशी संघांचे दरवाजे बहुधा बंद असण्याच्या त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगीज सरकारने सर्व धर्मसंघ बंद केले आणि ते धर्मगुरू गेले. संतांचे नाव मात्र घराघरांत राहिले.

दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना देशात ही भक्ती सर्वात मोठी आहे. अठराव्या शतकात मामा अंतुला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका प्रापंचिक स्त्रीने ती ब्युनोस आयर्स शहरात रुजविली. २०२४ साली त्यांनाही संतपद देण्यात आले. त्या शहराच्या पश्चिमेला लिनिएर्स भागात संत कायतान यांचे तीर्थस्थान आहे. ७ ऑगस्टला तेथे लाखो लोक रांग लावतात. हातात गव्हाची कणसे असतात. काहीजण काम मागायला येतात, काहीजण काम मिळाले म्हणून आभार मानायला. नोव्हेंबर १९८१ मध्ये लष्करी हुकूमशाहीच्या काळात तेथील कामगार संघटनांनी शांती, भाकर आणि काम मागत याच मंदिराकडे मोर्चा नेला. पोप फ्रान्सिस आर्चबिशप असताना दरवर्षी या सणाला तेथे मिस्सा अर्पण करीत आणि बाहेरच्या रांगेतील लोकांना भेटत.

या भक्तीत गमतीदार आख्यायिकाही आहेत. संत कायतान यांच्याकडे काही मागायला आलेला माणूस त्यांच्याशी जपमाळेची किंवा मेणबत्तीची पैज लावी, की माझे मागणे काही पुरे होणार नाही. आणि दर वेळी पैज हरे. म्हणून जुगाऱ्यांनीही त्यांना आपले आश्रयदाते करून टाकले! आपण हसून सोडून देऊ. पण आपलाही नवस कधीकधी अशा पैजेसारखाच होतो. तू एवढे दे, मी तेवढे देतो. देवाबरोबरचा हा व्यवहार झाला. ती प्रार्थना नव्हे.

मग प्रार्थना कशासाठी?

संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण अशी आहे, की आपण देवाचे मन बदलण्यासाठी प्रार्थना करीत नाही. देवाने जे प्रार्थनेच्या द्वारे द्यायचे ठरविले आहे, ते स्वीकारण्यास पात्र व्हावे म्हणून करतो. हे सेमिनरीत पाठ करणे सोपे होते. घरात चूल थंड असलेल्या माणसाला ते सांगणे सोपे नाही. संत कायतान यांचे जीवन मात्र हीच गोष्ट कृतीने सांगते.

आता मघाच्या प्रश्नाकडे येऊ. ज्याने पगार नाकारला तो कामगारांचा संत कसा? मला सापडलेले उत्तर असे. कायतान देवाच्या तरतुदीवर विसंबले, कारण देव माणसांच्या हातांनी देतो हे त्यांना ठाऊक होते. म्हणून ते स्वतः इतरांसाठी देवाचे हात झाले. रोग्याने इस्पितळासाठी प्रार्थना केली. देवाने कायतान यांना धाडले. कर्जात बुडालेल्या सुताराने प्रार्थना केली. देवाने दयानिधी उभा करण्याची बुद्धी काही माणसांना दिली. ज्या प्रार्थनांची उत्तरे मिळाली नाहीत असे आपल्याला वाटते, त्यांपैकी कितीतरी उत्तरे वाटेत कोणाच्या तरी बंद मुठीत अडकलेली असतील. कदाचित माझ्या, कदाचित तुमच्या.

सगळ्याच प्रार्थनांना हे लागू आहे असे मी म्हणणार नाही. काही प्रार्थनांची उत्तरे आपण या जन्मी पाहणार नाही, जशी कायतान यांनी पाहिली नाहीत. पण काम मिळाले नाही म्हणजे देव रागावला, किंवा श्रद्धा कमी पडली, असे कोणीही स्वतःला किंवा दुसऱ्याला सांगू नये. त्या तरुणाला मी आता हेच सांगितले आहे.

१ मे रोजी आपण कामगार संत योसेफ यांचा सण साजरा करतो. पोप बारावे पायस यांनी तो १९५५ साली सुरू केला. संत योसेफ कष्टाची प्रतिष्ठा शिकवितात. काम हातून गेल्यावरही माणसाची प्रतिष्ठा जात नाही, हे संत कायतान शिकवितात. तळोज्याच्या कारखान्यांत, कळंबोलीच्या लोखंड बाजारात, न्हावा-शेवाच्या कंटेनर यार्डांत ठेक्यावर राबणाऱ्या आणि ठेका संपल्यावर घरी बसणाऱ्या आपल्या लोकांना या दोघांचीही गरज आहे.

म्हणून या वर्षी ७ ऑगस्टच्या मिस्सेला येताना प्रत्येक घराने मूठभर तांदूळ आणावेत. ते वेदीपाशी अर्पण करू आणि नंतर ज्या घरांत सध्या कमाई नाही तेथे पोचवू. त्याच दिवसापासून चर्चच्या दाराजवळ एक वही ठेवली जाईल. एका पानावर ज्यांना काम हवे आहे त्यांनी लिहावे. समोरच्या पानावर, कुठे जागा रिकामी आहे हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी लिहावे. पहिले पान लवकर भरेल, याची मला खात्री आहे. दुसरे पान भरणे आपल्या हाती आहे.

चला, आपण प्रार्थना करू या. हे प्रभू, संत कायतान यांच्या मध्यस्थीने आमच्यातील बेकारांना काम दे, कष्टकऱ्यांना योग्य मोबदला दे, कर्जात अडकलेल्यांना मोकळे कर. ज्यांना उत्तराची वाट पाहावी लागत आहे त्यांचा धीर खचू देऊ नकोस. आणि ज्यांच्या हाती तू उत्तर ठेवले आहेस त्यांची मूठ उघड. आमेन.

प्रभूचा आशीर्वाद आपणा सर्वांवर असो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू